उंदीर म्हणजे माणूस, मग बेकलाईटचं काय?

पेट-नेटची तयारी करणारे मित्रमैत्रिणी मला एक प्रश्न हमखास विचारतात. "तुमचं बरं आहे. तुमच्याकडे यंत्र असतं, नमुना असतो, आलेख निघतो. आम्ही मराठी घेऊन पीएच.डी. करणार. कवितेत डेटा कुठे असतो? ज्याला जे वाटलं ते त्याने लिहायचं, एवढंच ना?"

मी रसायनशास्त्राची. साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. पण या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते एका छोट्या कवितेवरून नीट दाखवता येतं असं मला वाटतं. म्हणून आज बा. सी. मर्ढेकरांची उंदरांची कविता घेऊ. ओल्या पिपात मेलेल्या उंदरांची ती कविता तुम्ही बी.ए.ला नाही तर एम.ए.ला वाचली असेल, निदान तिचं नाव तरी ऐकलं असेल. जेमतेम सोळा-सतरा ओळी आहेत. 1947 सालच्या 'काही कविता' या संग्रहातली ही कविता. मराठीत 'नवकविता' म्हटलं की पहिल्यांदा हीच आठवते आणि 'दुर्बोध' म्हटलं की तेव्हाही हीच.

एक विनंती. कविता शेजारी उघडून ठेवा आणि मग पुढे वाचा. मी इथे ओळी देणार नाही, कारण माझ्या लेखातून कविता वाचणं आणि कवितेतून कविता वाचणं यात फरक आहे. मोबाईलवर मिळालेली प्रत असेल तर ती छापील पुस्तकाशी, म्हणजे मौज प्रकाशनाच्या 'मर्ढेकरांची कविता' या पुस्तकाशी ताडून बघा. हे का सांगतेय ते थोड्या वेळात कळेल.

गाइडमधलं उत्तर

परीक्षेच्या गाइडमधलं उत्तर साधारण असं असतं. उंदीर हे सामान्य माणसाचं प्रतीक, पीप हे महानगराचं किंवा यंत्रयुगाचं प्रतीक, आणि कविता म्हणजे आधुनिक माणसाच्या निरर्थक जगण्याचं चित्रण. पाच मार्कांना हे पुरतं.

हे उत्तर चूक आहे असं मी म्हणत नाही. माझी अडचण वेगळी आहे. हे उत्तर कविता न वाचताही लिहिता येतं. 'मर्ढेकर', 'उंदीर', 'महायुद्धानंतरचा काळ' एवढे तीन शब्द कानावर पडले असले की झालं. प्रयोगशाळेत एखाद्याने नमुना यंत्रात न घालताच निकाल लिहिला, तर तो निकाल योगायोगाने बरोबर निघाला तरी त्याला आपण संशोधन म्हणत नाही.

दुसरी अडचण शिल्लकीची. 'उंदीर म्हणजे माणूस' हे मान्य केल्यावर कवितेतलं किती उरतं ते बघा. माना मुरगळल्या नाहीत तरी पडल्या, हे सांगायची गरज काय होती? ओठ कुठून आले? मध्येच मधाचं पोळं कशाला? त्या पोळ्याला बेकलाईट कशाला? शेवटी मेलेले उंदीर न्हातात कसे? गाइडचं उत्तर यातल्या एकाही प्रश्नाला हात लावत नाही. आलेखातले दोन बिंदू रेषेवर आणि बाकी सगळे बाहेर, अशी रेषा आपण काढली तर आपले मार्गदर्शक काय म्हणतील?

तर कवितेतला डेटा म्हणजे तिचे शब्द, त्यांची रूपं, त्यांचा क्रम, त्यांची पुनरावृत्ती. अर्थ हा आपला दावा. जो दावा जास्त शब्द सांभाळतो आणि कमी शिल्लक ठेवतो, तो जास्त चांगला. मोजपट्टी एवढीच आहे, आणि ती लावायला साहित्याची पदवी लागत नाही.

एका विशेषणाची जागा

पहिल्या ओळीपासून सुरू करू. तिथे 'ओल्या' असा शब्द आहे. तो उंदरांच्या अगदी शेजारी बसलाय. त्यामुळे घाईत वाचलं की 'ओले उंदीर' असंच डोक्यात जातं. पण उंदीर ओले असते तर मराठीत 'ओले' म्हटलं असतं. 'ओल्या' हे सामान्यरूपाला लागणारं रूप आहे, म्हणजे ते 'पिपात' या शब्दाचं विशेषण आहे. व्याकरणाने ओलं आहे ते पीप. मध्ये क्रियापद घालून कवीने विशेषणाला त्याच्या नामापासून तोडलंय.

यावर कोणी म्हणेल, वृत्तासाठी केलं असेल. चला, तपासू. ही कविता सोळा मात्रांच्या चालीत चालते. आपल्या झाडीपट्टीतल्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. दिवाळीनंतर रात्र-रात्र नाटकातली गाणी ऐकून कान तयार झालेले असतात. मांडीवर ताल धरून ओळी म्हणून बघा, आठ-आठ मात्रांवर ठेका बसतो. कवी या बाबतीत किती काटेकोर आहे ते 'उंदिर' या शब्दावरून दिसतं. एरवी आपण 'उंदीर' लिहितो, तेव्हा पाच मात्रा होतात. इथे दि ऱ्हस्व आहे, मात्रा चार. एक मात्रा वाढू नये म्हणून ही सोय.

आता प्रयोग. 'ओल्या' या शब्दाच्या मात्रा चार. त्याच्या आधी आलेल्या क्रियापदाच्याही मात्रा चारच. म्हणजे दोघांची अदलाबदल केली, विशेषण पिपाच्या शेजारी नेलं, तरी ओळ सोळाच मात्रांची राहते. व्याकरणही सरळ होतं. पाठांतराने कविता म्हणणारे काही जण नकळत अशीच सरळ करून म्हणतात. छापील प्रत बघा म्हटलं ते यासाठी. वृत्ताची सक्ती नव्हती. म्हणजे ही जागा निवडलेली आहे.

हा छोटासा उद्योग दहा मिनिटांचा आहे. पण बघा, त्यातून एक पक्की गोष्ट हाती आली. ओलेपणा पिपाचा आहे, पण तो पिपाकडे न राहता उंदरांकडे सरकतोय. अर्थ काय ते अजून सांगता येत नाही. निरीक्षण म्हणून वहीत लिहून ठेवू.

आपल्याकडचं ज्ञान कुठे लागतं

वडशात धान साठवलेल्या घरात नाही तर राइस मिलच्या आसपास वाढलेल्या माणसाला उंदीर हे प्रतीक म्हणून आधी भेटत नाही. आधी तो पोत्यात भेटतो, कोठीत भेटतो. तळाशी पाणी राहिलेल्या ड्रमात पडलेला उंदीरही आपण बघितलेला असतो. गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही. पोहत राहतो, दमतो, बुडतो. सकाळी शेपटीला धरून बाहेर काढला की मान लुळी लटकते. कोणी मुरगळलेली नसते.

या माहितीमुळे माना मुरगळल्याशिवाय पडल्या, हे वाक्य गूढ राहत नाही. ते आधी साधं, डोळ्यांनी बघता येईल असं दृश्य होतं. ओलं पीप त्याला दुजोरा देतं. ते मरतात ते उचकी देऊन मरतात, हेही जुळतं. शहरात बसून लिहिलेली कविता वडशात वाचली की असा फायदा होतो. मुंबईच्या कवितेवर आपण काय बोलणार, असा संकोच मनात असेल तर तो काढून टाका.

पण इथेच एक सावधगिरी पाहिजे. तुमचा अनुभव हा तर्क सुचवतो, पुरावा देत नाही. पुरावा कवितेतूनच यायला पाहिजे. उदाहरण घ्या. शेतकऱ्याच्या घरातला वाचक सहज म्हणेल, "उंदीर मेले म्हणजे औषध घातलं असणार." कवितेत विषारी या अर्थाचा शब्द आहेसुद्धा. पण तो कशाला लागलाय ते बघा. तो खाण्याला लागलेला नाही, पिपातल्या पाण्यालाही नाही. तो लागलाय उदासपणाच्या डोळ्यांना, आणि ते डोळे पुन्हा काचेचे आहेत. म्हणजे विषाचा तर्क सुचतो पण शब्दावर टिकत नाही. बुडण्याचा सुचतो आणि टिकतो. दोन्ही तर्क आपल्याच अनुभवातून आले, पण एक ठेवायचा, एक सोडायचा.

'सारखा' हा शब्द कुठेच नाही

आता कवितेत शोधा: 'जसा', 'सारखा', 'प्रमाणे', 'जणू'. एकही सापडणार नाही. उंदीर माणसासारखे आहेत असं कविता कुठेही म्हणत नाही. दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आणि मधला 'सारखा' काढून घ्यायचा, ही त्या काळच्या नव्या कवितेची जगभरातलीच रीत. एझरा पाउंडने 1913 मध्ये पॅरिसच्या मेट्रो स्टेशनवर दोन ओळींची कविता छापली, तीही अशीच तुलनेच्या शब्दाशिवाय.

मग माणूस येतो कुठून? 'ओठ' या शब्दातून. उंदराला आपण तोंड म्हणतो, मिशा म्हणतो, दात म्हणतो. ओठ म्हणत नाही. आणि या एवढ्याशा कवितेत ओठ हा शब्द तीन ओळींत मिळून पाच वेळा आलाय. उंदीर कोणाचं प्रतीक आहे हे ठरवायच्या आधीच, तिसऱ्या ओळीत उंदराच्या तोंडाला माणसाचे ओठ लागलेले आहेत. ते एकमेकांना भेटतात. मेलेल्या उंदरांचा ढीग आणि प्रणय करणारी शरीरं, दोन्ही एकाच चित्रात.

इथे गाइडचं उत्तर किती दुबळं आहे ते कळतं. 'उंदीर म्हणजे माणूस' म्हटलं की उंदीर बाजूला जातो आणि फक्त माणूस उरतो. कविता मात्र उंदराला जाऊ देत नाही. आपल्याला दोन्ही एकाच वेळी बघायला लावते, आणि अंगावर काटा येतो तो त्यामुळे.

एक अक्षर कमी

सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आता. माना पडल्याचं कविता दोनदा सांगते. दोन्ही वेळा कशाशिवाय पडल्या तेही सांगते. पहिल्यांदा मुरगळण्याशिवाय. दुसऱ्यांदा आसक्तीशिवाय. पहिल्यात मरणाचं कारण गायब आहे. दुसऱ्यात प्रणयाचं कारण गायब आहे. मान लुळी पडणं ही क्रिया मेल्यावरही होते आणि प्रणयातही होते. क्रिया तीच, आणि दोन्हीकडे तिच्या मागे जे असायला पाहिजे ते नाही.

मग पुढे मधोमध त्या दोन ओळी येतात, ज्यांत जगण्याचीही आणि मरण्याचीही 'सक्ती' सांगितली आहे. आधी 'आसक्ती' नाही म्हटलं. आता 'सक्ती' आहे म्हटलं. शब्दांचं मूळ बघितलं तर दोघांचा काही संबंध नाही. 'आसक्ती' संस्कृत, 'सक्ती' फारसीतल्या 'सख्त'च्या घराण्यातला. पण मराठी कानाला ऐकू येतं ते एवढंच की पुढचा 'आ' गळाला. ओढ होती तिथे जबरदस्ती आली.

माझा दावा मी इथे ठेवते. ही कविता 'माणूस उंदरासारखा मरतो' एवढंच सांगत नाही. ती एक रचना पुन्हा पुन्हा दाखवते: परिणाम हजर, पण त्याच्या मागचं जिवंत कारण गैरहजर. मान पडली, हात कोणाचा नाही. ओठ भेटले, ओढ नाही. जगणं आहे, जगायची इच्छा नाही. मरणसुद्धा स्वतःचं नाही.

उचकीही या दाव्यात बसते. उचकी आपण देत नाही, ती येते. शरीर आपल्याला न विचारता करतं अशी ती क्रिया. मरताना मराठी माणूस 'आचके' देतो म्हणतात. इथे आचके नाहीत, उचकी आहे. आणि उचकी लागली की कोणीतरी आठवण काढतंय, असं आपल्या घरात म्हणतात. ही शेवटची गोष्ट मी कवितेवर लादणार नाही. ती तिथे लिहिलेली नाही. पण मराठी वाचकाच्या मनात ती हलते, आणि पिपात बुडणाऱ्या उंदराची आठवण कोणी काढत नसतं, हेही मनात येतं. प्रबंधात अशी गोष्ट 'वाचकाचा सहसंबंध' म्हणून वेगळी नोंदवावी, मुख्य पुराव्यात मिसळू नये.

थोडी टीकाही करते. सक्तीच्या त्या दोन ओळी कवितेतलं सगळ्यात उघडं विधान आहे. बाकी सगळीकडे वस्तू बोलतात, इथे कवी स्वतः बोलतो. या ओळी एकट्या वाचल्या तर भिंतीवरच्या सुविचारासारख्या वाटतात, आणि लोक त्या तशाच वापरतातही. मला त्या टिकतात असं वाटतं ते फक्त आधीच्या 'आसक्ती'मुळे. त्या शब्दापासून तोडल्या की त्यांच्यातला अर्धा जीव जातो.

बेकलाईट

आता माझ्या विषयाची गोष्ट. कवितेच्या शेवटच्या भागात ओठांवर मधाचं पोळं जमतं, आणि ते बेकलाईटचं असतं. मर्ढेकरांनी बेकलाईटला सरळ आपला ई प्रत्यय लावून विशेषण केलंय, सुती, रेशमी, काश्मिरी या चालीवर, आणि ते दोनदा म्हटलंय. बहुतेक विवेचनं इथे 'कृत्रिमता' एवढं म्हणून पुढे जातात. कृत्रिमच सांगायचं तर कागदाचं म्हणता आलं असतं, मेणाचं म्हणता आलं असतं, काचेचं तर वरच म्हटलेलं आहे. बेकलाईटच का?

बेकलाईट हे पूर्णपणे कारखान्यात जन्मलेलं पहिलं प्लास्टिक. लिओ बेकलंड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनतज्ज्ञाने 1907 मध्ये अमेरिकेत ते बनवलं. फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड, वर उष्णता आणि दाब. त्याआधीच्या सेल्युलॉइडमध्ये निदान कापसाचं सेल्युलोज होतं. बेकलाईटच्या मुळाशी झाडाचा, प्राण्याचा कोणताच धागा नाही. विजेची बटणं, प्लग, टेलिफोन, रेडिओची पेटी, भांड्यांच्या मुठी या रूपात ते घराघरात गेलं. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीला होते, हेही लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता पोळ्याशी ताडून बघा. पोळं मेणाचं असतं. मधमाशीचं मेण साठ-पासष्ट अंश सेल्सिअसला वितळतं, हाताच्या उबेनेही मऊ होतं. बेकलाईटचं उलट. एकदा साच्यात तापून बसलं की पुन्हा वितळत नाही. तापवत राहा, ते जळून काळं होईल, पण मऊ होणार नाही. त्याच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना सगळ्या बाजूंनी जोडल्या जातात, म्हणून त्याला परतीची वाट नाही. रंग मात्र फसवा. शुद्ध राळ मधाच्या रंगाची, पिवळसर-तपकिरी दिसते. अंबरची नक्कल म्हणून तिचे मणीसुद्धा करत.

म्हणजे दिसायला मध, पण ना वितळणार, ना ओघळणार, ना चव, ना मागे एकही माशी. परिणाम हजर, जिवंत कारण गैरहजर. आपण आधी मांडलेला दावा इथे आपण न बोलावता पुन्हा भेटतो. नव्या नमुन्यावर जुना निष्कर्ष तसाच निघाला की आपला विश्वास वाढतो, तसंच हे. कागदाच्या पोळ्याने हे साधलं नसतं. कागद भिजतो, फाटतो, त्याला अंत आहे. बेकलाईटला तोही नाही.

इथे मोह होतो तोही सांगते. पोळ्याची षटकोनी जाळी आणि बेकलाईटच्या रेणूंची जाळी, असा दुवा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच सुचतो. फार सुंदर दिसतो. पण तो टाकून द्यायचा. कवितेत जाळीचा, घरांचा, आकाराचा एकही शब्द नाही. पोळ्याबद्दल तिथे मधाळपणाचा शब्द आहे, म्हणजे बोलणं चवीचं आणि चिकटपणाचं चाललंय, रचनेचं नाही. रंग आणि न वितळणं हे बेकलाईट वापरणाऱ्या कुठल्याही घरातल्या माणसाला माहीत असतं. रेणूंची जाळी फक्त आपल्याला माहीत असते. आपल्या विषयाचं ज्ञान कवितेत किती न्यायचं, याची सीमा मी अशी आखते.

पाणी कुठे गेलं

वहीत लिहून ठेवलेलं 'ओल्या' आठवतंय ना? आता शेवटच्या ओळीकडे या. तिथे पीप परत येतं, उंदीर परत येतात, पण मेले नाहीत, न्हाले. आणि हे क्रियापद दोनदा, उद्गाराने.

मेलेले न्हातात कसे, हा प्रश्न पहिल्या ओळीकडे परत पाठवतो. तिथे ओलेपणा पिपाचा होता आणि जागेने उंदरांना चिकटला होता. शेवटी तो पूर्णपणे उंदरांचा झाला. ज्या पाण्यात ते बुडाले त्यालाच आता न्हाणं म्हटलंय. मधे डोळ्यांत दिवस सांडतो, तोही पाण्यासारखाच, आणि तिथेच धुण्याचाही उल्लेख आहे. ओल, सांडणं, धुणं, न्हाणं असा पाण्याचा एक धागा कवितेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलाय.

'न्हाणं' हा शब्द आपल्याकडे साध्या आंघोळीपेक्षा जास्त काही घेऊन येतो. लग्नात न्हाणं असतं, दिवाळीत असतं, बाळंतिणीला असतं. प्रेतालाही आपण आंघोळ घालतो, पण ती दुसरे घालतात. इथे घालणारं कोणी नाही. विधी पार पडला, विधी करणारा नाही. तीच रचना, तिसऱ्यांदा.

म्हणून शेवटचे ते उद्गार मला आनंदाचेही वाटत नाहीत आणि निव्वळ कुचेष्टेचेही वाटत नाहीत. सोळा मात्रांची चाल बडबडगीताइतकी हलकी, शब्द सणाचा, आणि समोर पिपातला ढीग. कवी यावर काही बोलत नाही. बोलला असता तर आपल्याला सुटका मिळाली असती.

बाहेरची माहिती कधी आणायची

बाळ सीताराम मर्ढेकर 1909 मध्ये खानदेशात फैजपूरला जन्मले, 1956 मध्ये वारले. 'काही कविता'वर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकच भावना जागी करत असतील तर कवी त्यांना एकत्र आणतो, हे तत्त्व त्यांनी स्वतः मांडलं, 'भावनानिष्ठ समतानता' या नावाने. विजया राजाध्यक्षांनी मर्ढेकरांच्या कवितेवर मोठा ग्रंथ लिहिला, त्याला 1993 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तुम्ही या विषयावर काम करणार असाल तर तो वाचल्याशिवाय एक पान लिहू नका.

हे सगळं कामाचं आहे. पण क्रम महत्त्वाचा. समतानतेचं तत्त्व आधी डोक्यात घेऊन बसलात तर कवितेत तेच दिसेल. कवी आपल्या कवितेबद्दल जे सांगतो तो एक मोलाचा साक्षीदार, पण साक्षीदारच. त्याचीही उलटतपासणी होते. युद्ध, रेशन, मुंबईची गर्दी हे संदर्भही तसेच. 1947 च्या संग्रहामागे ते असणार हे सांगायला कोणी लागत नाही. प्रश्न असा की त्यातला कोणता संदर्भ कोणत्या शब्दाला उजेड देतो. बोट ठेवून शब्द दाखवता आला नाही तर तो संदर्भ प्रस्तावनेत राहू द्या, विश्लेषणात आणू नका.

जे बसत नाही

माझ्या वाचनातही शिल्लक आहे. दिवस सांडतो त्या ओळींत अवयव धुऊन घेण्याची जी क्रिया आहे, तिचा कर्ता व्याकरणाने 'दिवस' ठरतो. पाण्याच्या धाग्यात ती बसते. पण 'कारण गैरहजर' या माझ्या मुख्य दाव्यात ती नीट बसत नाही. उलट तिथे कोणीतरी काहीतरी हेतूने करताना दिसतं, दिवसभराचं काम उरकून स्वच्छ होऊन निघून गेल्यासारखं. कवितेत करणारा हजर आहे अशी ही एकच जागा, आणि तिथे करणारा उंदीरही नाही, माणूसही नाही. ही जागा माझा दावा मोडते की त्याला धार देते, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी वाद घालू शकते.

सिनॉप्सिसमध्ये अशी जागा लपवायची नसते. मुलाखतीला बसलेली समिती नेमकी तिथेच बोट ठेवते. तुम्ही आधीच ती दाखवली असेल तर चर्चा तुमच्या कामाची होते, आणि नसेल तर तुमच्या घाईची. प्रबंधाचं पुढचं प्रकरणही बहुतेक वेळा अशाच न बसणाऱ्या जागेतून निघतं.

तुमच्यासाठी गृहपाठ. कोणतीही एक छोटी कविता घ्या, शक्यतो गाइडमध्ये जिचं उत्तर तयार आहे अशी. छापील प्रत मिळवा. एका पानावर फक्त निरीक्षणं लिहा: रूपं, क्रम, पुनरावृत्ती, मात्रा, कोणता शब्द अपेक्षित होता आणि कोणता आला. अर्थाचा एकही शब्द त्या पानावर नको. दुसऱ्या पानावर एका वाक्यात दावा. तिसऱ्या पानावर त्या दाव्यात न बसणारे शब्द. तिसरं पान कोरं राहिलं तर पहिलं पान पुन्हा लिहा.

आणि मर्ढेकरांच्या त्या धुण्याच्या जागेबद्दल तुमचं वाचन वेगळं निघालं तर मला जरूर कळवा. फक्त कोणत्या शब्दावरून ते लिहायला विसरू नका.